भ्रमनिरासावर सीन दाखवून चर्चा घ्यायचीये? मग आधी क्रम नीट लावा

कॉलेजात, वाचनालयात, फिल्म क्लबमध्ये, नाहीतर कुणाच्या तरी हॉलमध्ये दहाबारा जण जमून सिनेमातला एखादा सीन बघायचा आणि त्यावर बोलायचं, असे कार्यक्रम आता बरेच होतात. विषय फिरून फिरून हाच निघतो की ज्याच्यावर विश्वास ठेवून इतकी वर्षं काढली ते पोकळ निघालं तर पुढे जगायचं कशाच्या जोरावर. लोकांना यावर मनापासून बोलायचं असतं, आतून बोलायचं असतं. पण होतं काय की सीन संपतो, दिवे लागतात, घेणारा विचारतो "काय वाटलं?", दोघंतिघं "जबरदस्त" म्हणतात, एक जण अभिनयावर बोलतो, एक जण स्वतःच्या ऑफिसातल्या राजकारणावर जातो आणि शेवटी कुणीतरी "पण आपण पॉझिटिव्ह राहायला पाहिजे" म्हणून विषय मिटवून टाकतो. सीन जसा आला तसा गेला, कुणाच्या हाताला काही लागलं नाही.

यात लोकांचा दोष नसतो, सिनेमाचा तर नसतोच. क्रम चुकलेला असतो. भ्रम कुठला होता हे न बघताच त्याच्या तुटण्यावर बोलायला सुरुवात होते आणि तुटलेलं नीट बघायच्या आधीच अर्थ शोधायची घाई सुटते. म्हणून खाली पूर्ण पद्धत टप्प्याटप्प्याने लिहितोय. उदाहरणं मुख्यतः दोन सिनेमांची घेतोय, चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल' (२०२०) आणि अकिरा कुरोसावाचा 'इकिरू' (१९५२). मध्ये मध्ये 'सिंहासन', 'अर्धसत्य' आणि 'फँड्री' येतील. शेवट वगैरे सगळं उघड बोलणार आहे, तेव्हा ज्यांनी बघितले नसतील त्यांनी आधी बघून घ्या.

## १. आधी भ्रम ठरवा, सिनेमा मागाहून

बहुतेक जण आवडता सीन आधी पकडतात आणि मग त्याला विषय चिकटवतात. उलटं करा. कागद घ्या आणि एका वाक्यात लिहा, या माणसाचा नक्की कशावर विश्वास होता. "जीवनावर", "समाजावर", "सिस्टिमवर" असलं काहीतरी लिहिलं असेल तर ते खोडा, कारण त्यातून पुढे काहीच निघत नाही. वाक्य असं पाहिजे की ज्यात माणूस आणि त्याचा सौदा दोन्ही दिसतील.

'द डिसायपल'मधल्या शरद नेरुळकरसाठी (शास्त्रीय गायन शिकणारा तरुण) मी लिहीन: "मी सगळं सोडून साधना केली तर संगीत मला आपलं म्हणेल." 'इकिरू'च्या वातानाबेसाठी (सरकारी कचेरीतला म्हातारा अधिकारी): "मी रोज वेळेवर ऑफिसला येऊन शिक्के मारतोय म्हणजे माझं आयुष्य चाललंय, आणि हे सगळं मुलासाठी आहे." 'सिंहासन'मधल्या दिगू टिपणीससाठी (पत्रकार, निळू फुले): "मी आतलं सगळं बघतोय, पण मी त्यातला नाही." बघा, तिन्ही भ्रमांची जात वेगळी आहे. पहिला कलेतला आणि त्यागातला आहे, दुसरा सवयीचा आणि तिसरा साक्षीदार असण्याचा, आणि हा तिसरा आजकाल बातम्या बघणाऱ्या सगळ्यांनाच लागू पडतो असं मला फार वाटतं. एका सेशनला एकच भ्रम घ्यायचा. दोन घेतलेत की लोक तुलना करत बसतात आणि तुलना म्हणजे खोलात न जायचा सगळ्यात सोपा रस्ता.

तपासा: तुमचं वाक्य सिनेमा न बघितलेल्या माणसाला वाचून दाखवा. त्याला लगेच ओळखीचं कुणीतरी आठवलं तर वाक्य बरोबर आहे. "म्हणजे काय?" असं विचारलं तर परत लिहा.

## २. एक सीन पुरत नाही, तीन लागतात

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि नेमका हाच सगळे गाळतात. फक्त तुटण्याचा सीन दाखवला की प्रेक्षकाला दुःख दिसतं, पण काय तुटलं ते कळत नाही, मग तो सहानुभूती दाखवून मोकळा होतो. म्हणून तीन सीन काढायचे. पहिला विश्वासाचा, जिथे माणूस अजून त्या भ्रमात आहे आणि तो भ्रम आपल्यालाही सुंदर वाटतोय. दुसरा तड्याचा. तिसरा नंतरचा, म्हणजे धुरळा खाली बसल्यावर तो माणूस साधं काय करताना दिसतो.

'द डिसायपल'मध्ये हे तीन अगदी स्वच्छ सापडतात. शरद रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यावरून बाइक चालवतोय, चित्र स्लो मोशनमध्ये, कानात माईंच्या (त्याच्या गुरुजींच्या गुरू) भाषणांचं जुनं रेकॉर्डिंग, मागे तानपुरा. माईंचा आवाज सुमित्रा भावेंचा आहे, आणि तो इतका शांत आणि ठाम आहे की त्याग, एकटेपण, साधना हे सगळं ऐकताना आपल्यालाच वाटायला लागतं की हो, असंच जगलं पाहिजे. हा विश्वासाचा सीन.

तड्याचा सीन म्हणजे शरद त्या रेकॉर्ड जमवणाऱ्या जाणकाराला भेटतो तो. हा माणूस सहज, जवळजवळ गप्पांच्या सुरात, माईंबद्दल आणि गुरुजींबद्दल असं काही बोलत जातो की शरदच्या देव्हाऱ्यातलं काही शिल्लकच राहत नाही. शेवटी शरद ग्लास त्याच्या तोंडावर रिकामा करतो आणि उठून जातो. आणि नंतरचा सीन म्हणजे अगदी शेवटचा, लोकलमध्ये बायको आणि मुलीबरोबर बसलेला शरद आणि डब्यात गात फिरणारा एक गायक.

आता इथे एक मोह होतो. शरद मैफलीत गाता गाता मध्येच थांबतो आणि स्टेजवरून उठून जातो, तो सीन खूप जणांना तड्याचा म्हणून घ्यावासा वाटतो. घेऊ नका. तिथे तडा *दिसतो*, पण तो पडलेला असतो फार आधी. तडा शोधताना नेहमी विचारायचं, इथे माणसाला नवीन काही *कळलं* का? कळलं असेल तर तो तडा, आणि आधी कळलेलं आता सहन होत नसेल तर तो परिणाम. परिणामाचा सीन जास्त नाट्यमय असतो म्हणून तो आपल्याला खेचतो, तेवढंच.

'इकिरू'मध्ये हा फरक अजून बारीक आहे. दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये एक दुसरा पेशंट आपणहून वातानाबेशेजारी येऊन बसतो आणि सांगायला लागतो की पोटाचा कॅन्सर असेल तर डॉक्टर सरळ सांगत नाहीत, साधा अल्सर आहे म्हणतात, हवं ते खा म्हणतात. मग वातानाबे आत जातो आणि डॉक्टर शब्दाला शब्द तेच बोलतात. कुणीही त्याला कॅन्सर झालाय असं सांगितलेलं नाही आणि त्याला सगळं कळलंय. तडा दाखवायचा तर हा सीन, रडण्याचा नाही.

इशारा: तिन्ही मिळून वीस मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. चार ते आठ मिनिटांचा तुकडा बरा. त्याहून लांब झाला की लोक कथा बघायला लागतात आणि बघितलेलं विसरतात.

## ३. स्वतःची तयारी: तीन वेळा, तीन तऱ्हेने बघणं

आदल्या दिवशी यूट्यूबवर एखादा व्हिडिओ एसे बघून त्यातले मुद्दे बोलायचे, ही तयारी नव्हे. तुमच्याकडे दुसऱ्याचा निष्कर्ष येतो आणि मग सेशनमध्ये तुम्ही लोकांना नकळत त्याच निष्कर्षाकडे ढकलत राहता, लोकांना ते लगेच कळतं आणि ते गप्प होतात.

पहिल्यांदा सीन नेहमीसारखा बघा. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून. तिसऱ्यांदा चित्राकडे पाठ करून, फक्त ऐका. वेळ लागतो पण यातून जे सापडतं ते कुठल्याही लेखात सापडत नाही. बाइकच्या सीनमध्ये आवाज बंद केला तर उरतो फक्त एक एकटा मुलगा, रात्रीचा, कुठेही न पोचणारा. भव्यपणा सगळा माईंच्या आवाजात आणि तानपुऱ्यात होता, चित्रात नव्हताच! हे एकदा दिसलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप तयार होतात.

फक्त ऐकण्याचा सराव करायला 'अर्धसत्य'मधला (१९८३) कवितेचा सीन फार चांगला आहे. ज्योत्स्नाने दिलेल्या पुस्तकातली दिलीप चित्रेंची कविता पोलीस सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर सहज वाचायला घेतो आणि वाचता वाचता ओम पुरींचा आवाज बदलत जातो. डोळे मिटून ऐका आणि नक्की कुठल्या ओळीवर आवाज बदलला ते लिहून ठेवा. अशी जागा प्रत्येक चांगल्या सीनमध्ये असते, चर्चेत लोकांना परत परत तिथेच न्यायचं असतं.

बघताना कागदावर दोन रकाने करा. डावीकडे जे दिसलं आणि ऐकू आलं तेच फक्त लिहायचं, "ग्लास उचलला", "मान खाली", "दोन सेकंद कुणी बोलत नाही". उजवीकडे तुमचा अर्थ, "अपमान", "भीती". डावा रकाना उजव्याच्या दुप्पट तरी भरला पाहिजे. आणि प्रत्येक तुकड्याचा सुरुवात-शेवटाचा टाइमकोड लिहून ठेवा, कारण ऐनवेळी पुढे-मागे करत बसलात की जमलेलं वातावरण गेलंच म्हणून समजा.

## ४. मशीनची तयारी

हा भाग पटकन उरकतो, पण सोडू नका.

ओटीटीवरचा सिनेमा मोबाइलवरून मिरर केला किंवा ऑनलाइन मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर केला तर बऱ्याचदा चित्र काळं येतं आणि फक्त आवाज येतो. ते कॉपी प्रोटेक्शनमुळे होतं, तुमच्या केबलचा दोष नाही. त्यामुळे ज्या लॅपटॉपवर आणि ज्या प्रोजेक्टरवर दाखवणार, त्याच जोडीवर आदल्या दिवशी चालवून बघा. शक्य असेल तर डीव्हीडी किंवा ब्लू-रे वापरा. घरगुती अकाउंट हे घरच्यासाठी असतं, बाहेरच्यांना बोलावून, तिकीट लावून जाहीर कार्यक्रम करायचा असेल तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी घ्या.

टीव्हीवर दाखवत असाल तर मोशन स्मूदिंगचं (हालचाल जास्तच गुळगुळीत करणारं) सेटिंग बंद करा, नाहीतर सगळा सिनेमा सिरियलसारखा दिसतो. 'इकिरू' जुन्या, जवळजवळ चौकोनी फ्रेममधला आहे, तो ताणून पडदाभर करू नका, दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या राहू देत. सबटायटलचं असं की मराठी सिनेमा मराठी लोकांना दाखवताना ती बंद ठेवा, कारण भाषा येत असली तरी डोळे खालीच जातात आणि चेहरा निसटतो. जपानी सिनेमाला ती लागणारच, मग तो तुकडा दोनदा दाखवायचाच, एकदा वाचायला आणि एकदा बघायला.

तपासा: मागच्या रांगेत बसून ऐका. हळू आवाजातलं बोलणं तिथे कळत नसेल तर साधा बाहेरचा स्पीकर आणा. या विषयाचे सीन बहुतेक हळू आवाजातलेच असतात.

## ५. सुरुवातीला काय सांगायचं आणि काय नाही

बारा-पंधरा माणसं पुष्कळ झाली. त्याहून जास्त असतील तर सहा-सहाचे गट करा. खुर्च्या अर्धवर्तुळात लावा म्हणजे पडदाही दिसतो आणि एकमेकांचे चेहरेही. पूर्ण अंधार नको, लिहिता येईल इतका उजेड ठेवा.

आधी फक्त एवढं सांगा की हा माणूस कोण, काय करतो आणि आत्तापर्यंत काय घडलंय. तीन-चार वाक्यं. दिग्दर्शकाचं चरित्र नको, अवॉर्डची यादी नको, "हा सीन तुम्हाला हलवून सोडेल" हे तर मुळीच नको, कारण मग लोक हलायची वाट बघत बसतात. तुम्ही पहिल्या टप्प्यात लिहिलेलं वाक्यही आत्ता सांगू नका. ते त्यांनी त्यांचं शोधायचंय.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगायच्या. एक, स्वतःच्या आयुष्यातलं सांगायची कुणावर सक्ती नाही, पात्राबद्दल बोललं तरी पुरेसं आहे. दोन, कुणाला मध्येच उठून बाहेर जावंसं वाटलं तर खुशाल जावं, कुणी विचारणार नाही.

इशारा: ही साधी गोष्ट वाटते, पण विषय वरवरचा नाहीये. ज्याची नोकरी नुकतीच गेलीये, घरात कुणी गेलंय, जो स्पर्धा परीक्षेची पाच-सहा वर्षं घालवून गावी परत आलाय, असा कुणीतरी त्या खोलीत असतोच. एक जबाबदार माणूस दाराजवळ बसवा, बाहेर गेलेल्याच्या मागे दोन मिनिटांनी त्याने जायचं, पाणी द्यायचं, उपदेश करायचा नाही. कुणी जगण्याचाच कंटाळा आलाय अशा भाषेत बोललं तर ते चर्चेचा मुद्दा म्हणून पुढे नेऊ नका, सेशननंतर एकट्याशी बोला आणि सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ आहे, मोफत आणि चोवीस तास, तो नंबर द्या. नंबर आधीच फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलात तर कुणाला मागावा लागत नाही.

## ६. पहिलं बघणं: फक्त वर्णन

विश्वासाचा सीन दाखवा. संपल्यावर एक मिनिट शांत. मग एकच प्रश्न: "काय दिसलं, काय ऐकू आलं?"

इथे तुमचं काम म्हणजे लोकांना अर्थाकडे पळू न देणं. कुणी म्हणालं "तो खूप एकटा आहे", तर विचारा "कशावरून?" मग तो म्हणेल रस्ता रिकामा आहे. दुसरा म्हणेल पण रस्ता रिकामा असल्यामुळे तो राजासारखा पण वाटतो की. झालं, इथून खरी चर्चा सुरू झाली, कारण एकच चित्र दोन बाजूंनी वाचता येतंय आणि दोन्ही बरोबर आहेत. विश्वासाच्या सीनमध्ये हीच दुहेरी गोष्ट पकडायची असते, पुढे जे तुटणार त्याची चाहूल तिथेच असते पण त्या वेळी ती वैभवासारखी दिसते.

वर्णनाला दहा मिनिटं द्या. लोक अस्वस्थ होतील, कुणीतरी म्हणेल "हे तर शाळेसारखं चाललंय". चालू द्या. दहा मिनिटं थांबलात तर पुढचा तास नीट जातो, हे मी अगदी खात्रीने सांगतो.

शेवटी प्रत्येकाला चिठ्ठीवर एक वाक्य लिहायला सांगा, "या माणसाचा विश्वास आहे की...". चिठ्ठ्या गोळा करा, वाचू नका, बाजूला ठेवा.

## ७. तडा: काय तुटलं आणि काय नाही तुटलं

आता दुसरा सीन. बघून झाल्यावर परत वर्णन, पण यावेळी पाचच मिनिटं. मग चिठ्ठ्या वाचा. नावं नको, फक्त वाक्यं.

मग हे तीन प्रश्न, याच क्रमाने विचारा.

पहिला: यातलं कुठलं वाक्य आता खोटं ठरलं? दुसरा: कुठलं अजून उभं आहे? तिसरा: त्याला हे कळलं कुणाकडून, आणि सांगणाऱ्याला त्यातून काय मिळालं?

दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे आणि तो कुणीच विचारत नाही. भ्रमनिरास म्हटलं की सगळंच गेलं असं आपण धरून चालतो. पण शरदच्या बाबतीत बघा, माई तशा नव्हत्या असं समजा कळलं, तरी राग यमन खोटा ठरला का? पहाटेचा रियाज खोटा ठरला का? मग तुटलं नक्की काय, माणसावरची श्रद्धा, की त्या श्रद्धेवर स्वतःबद्दल बांधलेला हिशोब? माझ्या मते हा दुसराच. पण हे माझं मत आहे, तुम्ही सेशनमध्ये तुमचं सांगू नका, निदान इतक्यात नाही.

तिसरा प्रश्नही सोडू नका. त्या जाणकाराचं बोलणं खरं आहे की नाही, हे सिनेमा आपल्याला पक्कं सांगतच नाही. तो ज्या चवीने बोलतोय ती बघा. लोकांना हे दिसलं की ते आपणहून म्हणतात की भ्रम मोडणारा प्रत्येक जण सत्यच सांगत असतो असं नाही, आणि मग शरदने ग्लास तोंडावर का रिकामा केला हा प्रश्न एकदम अवघड होतो. खोटं ऐकून केला, की खरं ऐकून?

नेहमीची चूक: भ्रम म्हणजे मूर्खपणा असं धरून पात्राला नावं ठेवणं. "त्याला आधीच कळायला हवं होतं." असं कुणी म्हणालं तर भांडू नका, विश्वासाचा सीन परत एक मिनिटभर लावा आणि विचारा, "इथे तुम्हाला कळलं होतं का?"

दुसरी चूक, याहून गंभीर: जिथे भ्रमनिरास बाहेरून लादलेला आहे तिथे तो पात्राच्या मनाचा प्रॉब्लेम म्हणून बोलणं. नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'त डुक्कर पकडायची धावपळ चालू असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि शाळकरी मुलगा जब्या, त्याचे घरचे, सगळे जागच्या जागी उभे राहतात, डुक्कर समोरून जातंय तरी. या सीनवर "जब्याने निराशेतून कसं बाहेर यावं" असा प्रश्न विचारणं हा त्या मुलावर अन्याय आहे. त्याचं काही चुकलेलं नाही, जात त्याला जगू देत नाहीये. इथे प्रश्न असा पाहिजे की याला रोज ज्या गोष्टी शिकवल्या जातात आणि याला रोज जे भोगावं लागतं, त्या दोन्ही एकाच फ्रेममध्ये कशा आल्यात. आणि शेवटी तो दगड भिरकावतो तो सरळ कॅमेऱ्याकडे येतो. खोलीतल्यांना विचारा, दगड कुणाच्या दिशेने आला? नंतर जी शांतता पसरते ती तुम्ही बोलून भरू नका.

## ८. अर्थाकडे जाताना थांबत थांबत

नंतरचा सीन दाखवायच्या आधी दहा मिनिटांचा चहा घ्या. खरंच घ्या. तडा बघून लगेच पुढचा सीन लावला की लोक त्याला उत्तर समजतात, आणि तो उत्तर नसतो.

या टप्प्यावर 'इकिरू' सगळ्यात जास्त चुकीचा वापरला जातो म्हणून त्यावर जरा थांबतो. वातानाबे शेवटी लहान मुलांसाठी बाग करून घेतो आणि बर्फ पडत असताना झोपाळ्यावर बसून गाणं म्हणतो. जगभर लोक हा सीन दाखवतात आणि तिथेच थांबतात, संदेश तयार, एखादं चांगलं काम करा आणि आयुष्याला अर्थ येतो. पण कुरोसावाने तिथे थांबवलेलं नाही! तो झोपाळा आपल्याला दिसतो तोच मुळी वातानाबेच्या मृत्यूनंतर, त्याच्या फोटोसमोर जमलेल्या ऑफिसच्या लोकांना एक पोलीस सांगतो तेव्हा. मग ते सगळे दारूच्या भरात शपथा घेतात की आम्हीही असंच काम करू. आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात नागरिकांची तक्रार परत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात ढकलली जाते. एक जण रागाने उठून उभा राहतो, आणि परत खाली बसतो, कागदांच्या ढिगामागे दिसेनासा होतो.

म्हणून नंतरचा सीन म्हणून झोपाळा आणि त्या मागोमाग हे ऑफिस, दोन्ही एकत्र दाखवायचे. मग विचारा: वातानाबेला जे सापडलं ते दुसऱ्याला देता येतं का? देता येत नसेल तर त्याची किंमत कमी होते का? मला विचाराल तर या दोन प्रश्नांसाठीच हा सिनेमा दाखवावा. अजून एक बघायला सांगा, वातानाबेला ही कल्पना सुचते कधी, तर ती पूर्वीची ऑफिसातली मुलगी आता खेळण्यांच्या कारखान्यात आहे, ती एक छोटा यांत्रिक ससा टेबलावर ठेवते आणि म्हणते की हे करताना बरं वाटतं. तो जिना उतरून निघतो तेव्हा मागे दुसऱ्याच कुणाच्या तरी वाढदिवसाचं गाणं चालू असतं. कुठेही भाषण नाही, तत्त्वज्ञान नाही, एक ससा आहे. अर्थ सापडतो तो किती बारीक जागी सापडतो, हे लोकांना स्वतः बघू द्या.

'द डिसायपल'चा लोकलमधला शेवट याच्या अगदी उलट आहे. तिथे काही सापडल्याची खूणच नाही. डब्यातला माणूस गातोय, त्याला ना गुरू परंपरेचं ओझं ना मैफलीची चिंता, निदान आपल्याला तसं दिसतं, आणि शरद बघतोय. चेहऱ्यावरून सुटका झालीये की जखम परत उघडलीये ते ठरवता येत नाही. कुणी म्हणेल त्याला शेवटी कळलं, कुणी म्हणेल आयुष्यभर सलत राहणार. दोघांनाही विचारा "कशावरून?" आणि तिथेच सोडा. मत जुळवायचा प्रयत्न करू नका.

तपासा: या टप्प्यात तुम्ही स्वतः सलग एक मिनिटाच्या वर बोललात का? बोलला असाल तर पुढचे तीन प्रश्न दुसऱ्या कुणालातरी विचारायला सांगा.

## ९. शेवटची वीस मिनिटं: लिहिणं

चर्चा तोंडी सुटली की बोलके लोक बोलून जातात आणि गप्प बसणाऱ्यांचं मनातच राहतं, आणि या विषयात गप्प बसणाऱ्यांकडेच बऱ्याचदा जास्त असतं. म्हणून शेवटी लिहायचं. बारा मिनिटं लिहायला, आठ मिनिटं ज्यांना वाचायचंय त्यांना.

विषय मोठा देऊ नका. "तुमच्या आयुष्याचा अर्थ" असं म्हटलं की सगळे भाषण लिहितात. त्याऐवजी यातलं एक द्या:

- शरद लोकलमधून उतरून घरी जातो. पुढच्या अर्ध्या तासात तो हाताने काय काय करतो ते लिहा. विचार लिहायचे नाहीत.
- कागदांमागे दिसेनासा झालेला तो कारकून संध्याकाळी घरी जाताना कुठे थांबतो? (सिनेमात याला स्वतःचं उत्तर आहे, तो वाटेत थांबून त्या बागेतल्या मुलांकडे बघतो, पण ते लिहून झाल्यावरच सांगा.)
- दिगू टिपणीस शेवटी हसत सुटतो. त्याचं हसणं थांबल्यावरचं पहिलं वाक्य लिहा.

लोक पात्राबद्दल लिहितात आणि त्यात त्यांचं स्वतःचं आपोआप येतं, मागावं लागत नाही. कुणी वाचलं तर टाळ्या नकोत, सल्ला नको, "छान" पण नको, फक्त "वाचल्याबद्दल थँक्यू". पुढच्याने वाचायचं.

कागद परत गोळा करू नका, ज्याचे त्याला घेऊन जाऊ द्या. फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, कुणाचं लिहिलेलं त्याला विचारल्याशिवाय पुढच्या सेशनला वाचून दाखवू नका. आणि पुढचं सेशन ठेवाल ते निदान पंधरा दिवसांनी ठेवा. मधल्या काळात ज्यांना शक्य आहे त्यांनी तो सिनेमा पूर्ण बघून यायचं, कारण तीन तुकड्यांवरून जे मत झालं ते अख्खा सिनेमा बघितल्यावर बऱ्याच जणांचं बदलतं, आणि पुढच्या वेळी सुरुवात तिथूनच करायची: "तुकडे बघून तुम्ही काय म्हणाला होतात, आणि आता काय म्हणताय?"